हुकमापुरतं इंग्रजी

उज्ज्वला जपानी माणसांशी मराठीत बोलायची. चाचरत, हातवारे करत वगैरे नव्हे. चांगलं खणखणीत, पूर्ण वाक्यांचं मराठी, बार्शीच्या मंडईत बोलावं तसं. सुपरमार्केटात भाजी रचणाऱ्या मुलाला ती म्हणायची, "अरे दादा, ही पालकाची जुडी वरनं हिरवी नि आतनं पिवळी. आतली ताजी दे की जरा." आणि तो मुलगा खरोखर आत जाऊन दुसरी जुडी घेऊन यायचा! मी तोंडात बोट घालून बघत राहायचे. जपानी शिकण्यात मी उमेदीची वर्षं घातली, परीक्षांवर परीक्षा दिल्या, आणि त्याच दुकानात मला कधी कुणी आतली जुडी आणून दिली नाही.

आमची पहिली भेट कचऱ्यापाशी झाली. भूकंपानंतरचं वर्ष होतं. त्या धक्क्यात आमच्या उरायासु गावची समुद्रात भर घालून केलेली जमीन पातळ होऊन चिखल वर आला होता, गटारांची झाकणं रस्त्यातून वर उचलली गेली होती, फुटपाथ वाकडेतिकडे झाले होते. बरेच भारतीय लोक घाबरून परत गेले होते आणि त्यांच्या रिकाम्या घरांत नवे येत होते. असंच एक कुटुंब आमच्या इमारतीत माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर आलं होतं. सकाळी ऑफिसला निघाले तर खाली कचऱ्याच्या जाळीपाशी एक ठेंगणी, ठसठशीत बाई, कडेवर लहान मुलगी, आणि समोर आमच्या इमारतीचा कचरा सांभाळणारे आजोबा. या आजोबांना सगळी इमारत टरकून असायची. इथे प्रत्येक जातीच्या कचऱ्याला वार ठरलेला. चुकीच्या वारी पिशवी ठेवली की त्यावर लाल चिठ्ठी चिकटवून ती तुमच्या दारात परत यायची. आजोबा जपानीत तिला झापत होते आणि ती मराठीत त्यांना.

"अहो काका, मला काय स्वप्न पडतंय का आज बाटल्यांचा वार म्हणून? कालपासनं घरात पिशवी धरून बसलेय मी. तुम्ही नीट सांगा, मी नीट ठेवते. चिडायचं काय त्यात?"

मी पुढे झाले. माझा पोटापाण्याचा धंदाच दुभाषाचा. कावासाकी शहरातल्या एका कंपनीत जपानी साहेब आणि पुण्याचे इंजिनिअर यांच्या मधे बसून दिवसभर याचं त्याला आणि त्याचं याला सांगायचं. म्हटलं, सांगू का मी त्यांना? तर रोजची ओळख असल्यासारखी माझ्याकडे वळून ती म्हणाली, "राहू द्या ओ ताई. आमचं जमत आलंय." आणि जमलंच की! आजोबांनी तिच्या हातातली पिशवी घेतली, कुठल्या जाळीत टाकायची ते दाखवलं आणि मुलीच्या गालाला बोट लावून हसले. त्या आजोबांचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

उज्ज्वला डी.एड. झालेली, लग्नाआधी बार्शीला पहिलीच्या वर्गावर शिकवायची. बोलणं हेच तिचं काम आणि तोच तिचा छंद. आमच्या इमारतीची छतं पातळ, त्यामुळे वरचं सगळं मला ऐकू यायचं. सकाळी जुईला अंघोळ घालताना तिची सरबत्ती चालू. "कोण आलं? जुईबाई आल्या. काय आणलं? नाकात शेंबूड आणला. कोणासाठी आणला? आईसाठी आणला! अगंबाई, एवढा मोठा?" मग जुईचं खिदळणं. मी खाली चहा पिता पिता एकटीच हसायचे. मला मूलबाळ नाही, नवरा गावोगाव फिरतीवर. त्या आवाजाने माझी सकाळ सुरू व्हायची म्हटलं तरी चालेल.

तिचा नवरा संतोष. सॉफ्टवेअरमधला, कंत्राटावर आलेला, सकाळी सातला बाहेर पडून मुलगी झोपल्यावर घरी येणारा. सज्जन माणूस. वाईट म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं, हे मी आजही म्हणते. बोलायला मात्र फार कमी. उज्ज्वला म्हणायची, "यांच्या वाटचंही मीच बोलते. हिशोब बरोबर होतो."

जुई साडेतीन वर्षांची झाली तेव्हा आरोग्य केंद्रात तपासणीचं बोलावणं आलं. जपानमध्ये प्रत्येक मुलाची ती होते. वजन, उंची, दात, आणि मूल बोलतं कसं. जुई उशिरा बोलायला लागली होती. त्यात बालवाडीत जपानी, घरात आईचं मराठी, शनिवार-रविवारी बापाचं इंग्रजी. त्यामुळे नर्सबाईंनी चित्रं दाखवून विचारलं तेव्हा ती गप्पच बसली. संतोषने त्या दिवशी सुट्टी काढली होती. त्याला कामापुरतं जपानी येई, तोच दुभाषा झाला. परत आले तेव्हा उज्ज्वलाचा चेहरा उतरलेला होता. जिन्यातच मला म्हणाली, "ताई, माझ्यामुळे पोरीची वाचा बसली ओ."

मी म्हटलं, काहीतरीच काय!

"नाही ओ. नर्सबाई म्हणाल्या म्हणे, घरात एकच भाषा ठेवा, पोरीचा गोंधळ होतोय. हे म्हणाले, मग इंग्रजीच ठेवू. उद्या कुठेही जावं लागलं तरी इंग्रजी लागणार. माझ्या मराठीनेच सगळा घोळ केला."

त्या दिवसापासून वरचा आवाज बंद झाला. म्हणजे तशी भांडी वाजायची, नळ सुटायचा, पण बोलणं नाही. मधूनच तुटक शब्द ऐकू यायचे. "कम." "सिट." "ईट." "वॉश हँड." "नो, नो." "स्लीप." एवढंच. वर घर आहे की कवायतीचं मैदान, असं वाटावं. उज्ज्वला मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी पाचवीपासून, तेही फळ्यावरून उतरवून घेतलेलं. वाचायला येई, लिहायला येई, पण तोंडातून निघायचं नाही.

एकदा ती माझ्याकडे येऊन बसली. रोजच्यासारखी बसली नाही, टेकली नुसती. म्हणाली, "मला इंग्रजीत फक्त हुकूम सोडता येतात ओ ताई. लाड नाही करता येत. रागवायला येतं, पण खोटं खोटं रागवायला नाही येत. ती पडली तर 'डोन्ट क्राय' म्हणते. आता 'डोन्ट क्राय' काय पडलेल्या लेकराला म्हणायची गोष्ट आहे का?"

मी तिला इंग्रजी शिकवायला लागले. रविवारी दुपारी जुई झोपली की ती वही घेऊन खाली यायची. मन लावून करायची बिचारी. ग्रंथालयातून इंग्रजी चित्रांची पुस्तकं आणायची, माझ्यासमोर मोठ्याने वाचायची, प्रत्येक शब्द दगडासारखा उचलून पुढे ठेवायची. मग वर जाऊन तेच जुईला वाचून दाखवायची. जुई दोन पानं ऐकायची आणि उठून जायची. बापाचं इंग्रजी आठवड्यातून दोन दिवस, आईचं हे असं. पोरीला इंग्रजी यावं कुठून? तिला येत होतं ते जपानी. बालवाडीत ती भराभर शिकत होती, आणि घरी येऊन जे काय दिवसभराचं असेल ते जपानीत सांगत होती. उज्ज्वला ऐकायची, मान हलवायची आणि म्हणायची, "गुड गर्ल." आणखी काही म्हणायचं तर शब्द नव्हते.

घरात कुणी नसताना बोल की मराठी, कोण बघायला येणार आहे? असं मी तिला म्हणायचे. ती घाबरायची. आपल्या तोंडून मराठी गेलं तर मुलीचं काहीतरी कायमचं बिघडेल, हे तिच्या मनाने घेतलं होतं. बार्शीहून तिच्या आईचा फोन आला की ती बाथरूममध्ये जाऊन दार लावून घ्यायची, नळ सोडायची आणि बोलायची. जुईच्या कानावर पडू नये म्हणून! बंदी घातलेलं काही करावं तशी आईशी बोलायची. अंगाईसुद्धा शब्द गाळून नुसती गुणगुणायची. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. तिच्या यायचं नाही, ती फार कामात असायची, शब्द पाठ करण्याच्या.

त्याच सुमारास एका दुपारी मोठा धक्का बसला. भूकंपानंतर लहानमोठे धक्के बसतच असत, पण हा जोराचा. मी त्या दिवशी घरून काम करत होते. कपाटातल्या कपबशा खणखणायला लागल्या, आणि वरून दोन आवाज एकदम आले. जुई जपानीत किंचाळत होती, "टेबलाखाली ये, डोकं झाक, आई, टेबलाखाली!" बालवाडीत त्यांना हे पाठच करून घेतात. आणि उज्ज्वला, दीडेक वर्षाने पहिल्यांदा, मुलीला मराठीत हाका मारत होती, "जुई, दाराशी ये! दाराशी ये गं, बाहेर जायचंय!" दोघींपैकी एकीलाही दुसरीचं कळत नव्हतं. मी भिंत धरत वर गेले तोवर हलणं थांबलं होतं. जुई टेबलाखाली हमसत होती आणि उज्ज्वला दार उघडं टाकून दाराशी उभी होती. तिला मुलीला सोडून बाहेर पडवत नव्हतं आणि टेबलाखाली मुलगी काय म्हणते ते समजत नव्हतं.

"ती काय म्हणत होती ताई?" तिने विचारलं.

मी सांगितलं. ती तिथेच खाली बसली. "माझं लेकरू मला वाचवायला बोलवत होतं. नि मला वाटलं, भीतीने ओरडतंय."

शाळेत नाव घालायची वेळ आली तेव्हा आरोग्य केंद्रातून पुन्हा बोलावणं आलं. या वेळी संतोषला सुट्टी मिळेना. उज्ज्वला माझ्याकडे आली. "तुम्ही चला. पण एक करा ताई. त्या म्हणतील ते जसंच्या तसं सांगा. साखर घालू नका. पोरीत काही खोट असली तर मला कळू दे."

मी म्हटलं, अगं, जसंच्या तसं सांगायचाच मला पगार मिळतो.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. 'त्या म्हणताहेत की' वगैरे जोडायचं नाही. आपण मधे नाहीच असं वागायचं. तर त्या चष्मेवाल्या नर्सबाई, मागच्याच वेळच्या, जुईची चित्रं तपासून खूश झाल्या. मग उज्ज्वलाकडे वळून म्हणाल्या आणि मी रीतीप्रमाणे मराठीत सांगत गेले: "मुलीचं जपानी छान झालंय. आणि घरातल्या भाषेचं काय? मी मागच्या वेळी तुमच्या यजमानांना मुद्दाम सांगितलं होतं की आईने आईच्याच भाषेत बोलावं. भरपूर बोलावं. गोष्टी सांगाव्यात. मूल उशिरा बोलत असलं तरी काळजी नको, आईची भाषा तोडू नका. ते नीट चाललंय ना?"



उज्ज्वला माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही चेष्टा करताय."

"नाही."

"परत विचारा त्यांना."

मी परत विचारलं. नर्सबाईंनी परत तेच सांगितलं, या वेळी जरा सावकाश, मला जपानी कमी येतं असं वाटून. मग उज्ज्वला कसंबसं म्हणाली, "त्यांना सांगा, चाललंय नीट." मी सांगितलं. नर्सबाईंनी हसून मान लववली.

शनिवारी सकाळी तिने मला वर बोलावून घेतलं. मला नवराबायकोच्या मधे पडायची हौस नाही, पण ती म्हणाली, "तुम्ही साक्षीला लागता. नाहीतर हे म्हणतील, मी चुकीचं ऐकलं." संतोष डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. तिने सरळ विचारलं, "अहो, नर्सबाई तेव्हा काय म्हणाल्या होत्या?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. खोटं बोलला नाही. म्हणाला, "म्हणाली होती, मराठीत बोला. मला पटलं नाही."

"पण तुम्ही मला म्हणालात, त्याच म्हणाल्या एक भाषा ठेवा म्हणून."

"मी म्हणालो असतो तर तू ऐकलं नसतंस." मग एकदम त्याचा आवाज चढला. मी त्याला इतकं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. "त्या बाईला काय माहीत आपल्याला कुठे कुठे जायचंय? पहिल्या नोकरीत मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की मागे बसलेली पोरं हसायची. मला उत्तर यायचं, पण इंग्रजीत वाक्य जुळेपर्यंत दुसरा कुणीतरी बोलून मोकळा. बढती त्याला. वर्षानुवर्षं मी मुक्यासारखा बसलोय, उज्ज्वला. माझ्या मुलीने तसं बसू नये एवढंच मला पाहिजे होतं."

"ती बसली नाही तशी," उज्ज्वला म्हणाली. "मला बसवलंत."

मला संतोषचा असा राग आला होता की दोन थोबाडीत द्याव्यात. आणि त्याच वेळी त्याच्याकडे बघवतही नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मी उठून खाली आले.

वाटलं होतं, आता वरून पुन्हा आवाज येईल. आलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वलाने जुईला मराठीत हाक मारली, मराठीत गोष्ट सुरू केली, सगळं एकदम, धरण फुटल्यासारखं. पण जुईला त्यातलं ओ की ठो कळेना. मधली वर्षं गेली होती. लहानपणीचं सगळं पुसलं गेलं होतं, 'ये', 'जा', 'पाणी' एवढंच कुठेतरी तळाशी. आपली शांत आई अचानक अनोळखी भाषेत एवढं काय बोलतेय, या विचाराने पोर बावरली. कानांवर हात ठेवून रडायची. उज्ज्वला आणखी बोलायची, ती आणखी रडायची. तीनचार आठवड्यांनी उज्ज्वला थकली. मला म्हणाली, "ती मला घाबरते ओ. माझ्या भाषेला घाबरते. लेकराला घाबरवून काय बोलायचं?" मग तिने मराठी सोडलं, आणि इंग्रजीही सोडलं. सगळंच सोडलं. घरात नुसतं हसायची, ताट वाढायची, दप्तर उचलून ठेवायची.

त्या वर्षी मी तिला जपानी शिकवायचाही प्रयत्न केला. होईना. "आता कशातच जीव लागत नाही," म्हणायची. सुपरमार्केटातसुद्धा निमूट सामान घेऊन बाहेर पडायची. कचऱ्यावाल्या आजोबांनी एकदा मला थांबवून विचारलं, वरच्या बाईंची तब्येत बरी नाही का?

इथल्या शाळांत अधूनमधून पालकांना वर्गात बोलावतात. मुलं पुढे बसून धडा करतात, आया मागे भिंतीशी ओळीने उभ्या राहून बघतात. जुई दुसरीत असताना तसं बोलावणं आलं. विषय होता 'माझी आई'. मुलांनी लिहिलेलं मोठ्याने वाचायचं होतं. उज्ज्वलाने मला अर्धी रजा काढायला लावली. नेसली होती तिची चांगली गर्द निळी साडी, आणि त्या करड्या कोटांच्या रांगेत सगळ्यांत बुटकी, सगळ्यांत उत्सुक. मी तिच्या कानाशी उभी.

जुईची पाळी आली. ती उभी राहिली, कागद दोन्ही हातांनी नाकासमोर धरला, आणि सुंदर स्वच्छ जपानीत वाचायला लागली. उज्ज्वलाने मला कोपराने ढोसलं. "सांगा की. जसंच्या तसं."

मी सांगायला लागले. रीतीप्रमाणे.

"माझी आई गप्प असते. माझ्या मैत्रिणींच्या आया खूप बोलतात, माझी आई बोलत नाही. मला भूक लागली की ती न विचारता वाढते. पाऊस आला की छत्री घेऊन फाटकाशी उभी असते. कधीकधी आई माझ्याकडे बघून हसते, तेव्हा मला वाटतं, आता ही काहीतरी सांगणार. पण सांगत नाही. मला वाटतं, माझी आई जन्मापासूनच अशी शांत असेल. मला माझी आई आवडते."

टाळ्या झाल्या. शेजारच्या एक बाई उज्ज्वलाकडे वळून कौतुकाने वाकल्या. उज्ज्वलाही वाकली, तिनेही टाळ्या वाजवल्या. जुईने मागे वळून पाहिलं तेव्हा ती हसलीसुद्धा. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र ती थांबली. "मी गप्प?" ती म्हणाली. "ओ ताई, मी गप्प? माझे वडील म्हणायचे, हिचं तोंड झोपेत तरी मिटतं का बघा रे. वर्गातली पोरं घरी जायला मागायची नाहीत, बाई अजून एक सांगा, अजून एक. नि माझ्या पोटची पोरगी चारचौघांत उभी राहून सांगते, माझी आई जन्मापासून गप्प आहे. म्हणजे तिला मी माहीतच नाही. उद्या मी मेले तर ती कुणासाठी रडेल सांगा? त्या छत्रीवालीसाठी. मी कुठंय त्यात?"

रोज दोन भाषांमधे बसणारी मी, नुसता तिचा हात धरून उभी राहिले.

त्या रात्रीचं मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ती बोलायला लागली. या वेळी गोष्टी नाहीत, शिकवणं नाही, उत्तराची अपेक्षाच नाही. जुई शाळेतून आली की दिवसभराचं सगळं मराठीत. आज दूध उतू गेलं, आज आजीच्या गुडघ्यात चमक भरली, हे फुलकोबीचं पीक कुठल्या मेल्यांनी बर्फात पिकवलं. जुई टीव्ही मोठा करायची. ही आणखी मोठ्याने. मी म्हटलं, अगं, पुन्हा घाबरेल ती. तर म्हणाली, "घाबरू दे. कळो नाहीतर न कळो. निदान आई बोलणारी होती एवढं तरी तिला ठाऊक पाहिजे." तिचे डोळे खोल गेले होते. संतोष एका संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, माझ्या घरात आम्ही तिघं तीन भाषांत राहतो. मी हे मोडलं, आता मला ते जोडता येत नाही." मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार?

आणि मग त्याचं कंत्राट संपलं. पुढची नोकरी मिळाली कॅनडात. म्हणजे पुन्हा इंग्रजी. ज्या इंग्रजीसाठी एवढं सगळं केलं, ते जुईला अजूनही येत नव्हतं. जपान सोडायचं म्हणून ती आठवडाभर धड जेवली नाही, मैत्रिणींना मिठ्या मारून रडली. उज्ज्वला सामान बांधता बांधता मला म्हणाली, "आता तिची गत माझ्यासारखी होणार. वर्गात बसेल नि नुसती हसेल. तिथल्या बाई म्हणतील, मुलगी गप्प आहे हो फार." तिच्या हातातला टेप थांबला. "तिला तिथं सांगणारं कोण असेल ताई, ती गप्प नाही म्हणून?"

निघण्याच्या दिवशी मी त्यांना विमानतळाच्या बसच्या थांब्यावर पोचवायला गेले. कडाक्याची थंडी. संतोष बॅगांना चिठ्ठ्या लावत होता. जुई चार पावलं दूर, सगळ्यांकडे पाठ करून उभी. आणि उज्ज्वला बोलत होती. अखंड. "जुई, चेन लाव जॅकेटची. टोपी कुठाय? पराठे मधल्या पिशवीत आहेत, मग भूक भूक करशील. तिथं बर्फ असतो म्हणे गुडघ्याएवढा, आपण बाहुला करू, त्याला बाबांचा चष्मा लावू. रडू नको गं माझे सोने, नाक लाल झालंय बघ, टोमॅटो झालंय नुसता—"

जुई गर्रकन वळली आणि किंचाळली, "उरुसाई!"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. जपानी मुलं आयांना हे घरोघरी, दिवसातून दहादा म्हणतात. गप्प बस, किती कटकट करतेस. जुईने आपल्या आईला ते कधी म्हटलं नव्हतं. आधी आई बोलतच नव्हती, आणि बोलायला लागल्यावर ती नुसता टीव्ही मोठा करायची. आणि इतकी वर्षं शाळेच्या फाटकाशी उभं राहून इतर पोरांच्या तोंडून ऐकल्यामुळे उज्ज्वलाला हा एक शब्द चांगला माहीत होता.

तिने माझं मनगट पकडलं. "ऐकलंत? ताई, ऐकलंत का? मला म्हणाली."

"ऐकलं."

"कटकट करते म्हणाली ना मी?"

"हो. कटकट करतेस म्हणाली."

ती हसायला लागली. मोठमोठ्याने, बॅगेवर बसून, पोट धरून. आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला, आणि मग ती जी रडायला लागली, त्या चारपाच वर्षांचं सगळं, रस्त्यावर, लोकांसमोर. जुई घाबरून जवळ आली, कोटाची बाही ओढून जपानीत "आई, चुकलं, आई, चुकलं" म्हणायला लागली. उज्ज्वलाने तिचं डोकं पोटाशी धरलं. संतोष हातात चिठ्ठ्या घेऊन तसाच उभा होता.

बस आली. तिघं चढले. मी काचेखाली उभी राहून हात हलवत राहिले, पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. जुईने तोंड खिडकीकडे फिरवून घेतलं होतं आणि तिच्या पाठीमागून उज्ज्वला बोलत होती. बस वळेपर्यंत मला तिचे ओठ हलताना दिसत होते.